आधी कोणाचा आवाज

३ मार्च, सोमवार

मालकाने दोन वह्या दिल्या. एकीत लिफ्टमध्ये अडकलेल्यांची नोंद करायची. दुसरी म्हणे असू द्या जादा. जादा वही मी माझ्यासाठी घेतली. डोकं तापलंय आणि ते कोणावर ओतावं असं माणूस घरात नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा मालवाहू जहाजावर, चार-चार महिने तोंड दिसत नाही. उरली सून. तिला काहीही बोला, "बरं आई" म्हणते. पालथ्या घड्यावर पाणी.

मी चौथी शिकले. अक्षर असंच येणार. कोणाला वाचायला लिहीत नाहीये.

सोळा वर्षं मी लिफ्टदुरुस्तीच्या कचेरीत फोनवर बसतेय. लिफ्ट मध्येच थांबली की आतल्याने पिवळं बटण दाबायचं, ते माझ्याकडे लागतं. फिटर पोचेपर्यंत मी त्या माणसाला धरून ठेवायचं. धरायचं कशाने? तोंडाने. माणूस घाबरला की दार उचकटायला जातो, आणि तिथेच हातपाय मोडतात. सोळा वर्षांत माझ्या एकाही माणसाचं नख तुटलेलं नाही. मी गोड बोलत नाही, झापते. झापलं की माणसाला राग येतो, आणि राग आला की भीती पळते. एक चांगला मिशीवाला बाप्या हुंदके देत होता. त्याला म्हटलं, "लग्न झालंय ना? मग याच्याहून अवघड जागी दिवस काढलेत तुम्ही. बसा खाली." बसला.

आता मालकाने कचेरीची खोली सोडली आणि फोन माझ्या घरी आणून ठेवला. हा तारेवरचा फोन नाही, इंटरनेटवर चालतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी. जेवणाचा एक तास फिटर स्वतः फोन घेणार, रविवारी मालक.

मालक म्हणाला, "बाई, फोन माझा, इंटरनेट तुमचं. महिनाभर बघू. एकतीस तारखेपर्यंत दहा तक्रारी झाल्या तर मला हे काम बाहेरच्या कंपनीला द्यावं लागेल. त्यांची माणसं शिकलेली असतात."

"शिकलेली माणसं लिफ्टमध्ये अडकत नाहीत का?"

"बाई, तुमचं हेच."

हेच म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. पण दहा म्हणजे दहा. हा फोन गेला तर मी काय, सुनेने कमवायचं आणि मी खिडकीत बसून खायचं. त्याआधी जीभ कापून देईन.

४ मार्च, मंगळवार

पहिल्याच दिवशी माती. एक बाई तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये. मी म्हणतेय, "दारापासून लांब व्हा." ती म्हणतेय, "हॅलो? हॅलो?" मी पुन्हा म्हणते, तर माझं आधीचं बोलणं तिला आता पोचतं, आणि दोघी एकदम बोलतो. मग दोघी गप्प. मग परत दोघी एकदम. रस्त्यात समोरासमोर आलेल्या माणसांसारखं, एकीकडे सरकावं तर दुसराही तिकडेच.

फिटरला फोन केला. त्याला सगळे लंबू म्हणतात, लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहिला तरी डोकं बाहेर दिसतं. लंबू म्हणतो, "मावशी, टाकीत तोंड घालून बोलताय का?"

घरातला राऊटर म्हणजे इंटरनेटवाल्याने फुकट दिलेली पांढरी डबी. फुकटचं ते फुकटचंच. नवा आणते.

सून आतल्या खोलीत घरांचे नकाशे काढते. कॉम्प्युटरवर काढते आणि लोकांना चेहरा दाखवत समजावते. ती दार उघडून म्हणाली, "आई, मी काही मदत करू?"

म्हटलं, "तू नकाशे काढ."

६ मार्च, गुरुवार

जेवणाच्या तासात दुकानात गेले. दुकानदार माझ्या मुलापेक्षा लहान, पण बोलणं असं की इंटरनेटचा शोध यानेच लावला.

"काकू, घरात गेम कोण खेळतं?"

"माझं वय बघ."

"सिनेमे बघता?"

"मला फोनवर बोलायचंय. माझा शब्द तुटता कामा नये. असा राऊटर दे."

मग त्याने वेगाचे आकडे सांगायला सुरुवात केली. याचा इतका, त्याचा तिप्पट. मी विचारलं, "वेगाने काय होतं? मी आधीच भराभर बोलते." त्याला कळलं नाही. त्याने एक काळा राऊटर काढला, सहा दांड्यांचा, उलट्या पडलेल्या झुरळासारखा.

"सहा अँटेना, काकू. अख्खी इमारत कव्हर."

"मला इमारत कशाला? मी एका खोलीत बसते."

"घ्या तर, नाव काढाल."

घेतला. सहा दांड्या बघून मलाही वाटलं, एक नाही तर दुसरी तरी चालेल.

७ मार्च, शुक्रवार

सुनेने राऊटर बघितला आणि तोंड असं केलं की दुधात माशी. म्हणाली, "आई, चांगलाय. पण फोनला वेग फार लागत नाही. शब्द वेळेवर आणि ओळीने पोचावे लागतात. मी इकडून मोठा नकाशा पाठवला की तुमचा शब्द त्याच्या मागे अडकून राहतो. ज्यात फोनला आधी वाट देता येते असा हवा होता. आणि फोन हवेवर नको, वायरने जोडायला हवा."

विचारलं होतं का कोणी? घरात वायर सोडायची म्हणे, दारातून, माझ्या पायात. कानामागून आली आणि तिखट झाली.

लंबूकडून राऊटर चालू करून घेतला. आणि ही त्याला हात लावेल म्हणून लोखंडी कपाटात ठेवला, वरच्या कप्प्यात, कपड्यांवर. कपाटाच्या पाठीला भोक होतंच, त्यातून वायरी घेतल्या. पुढून कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात.

११ मार्च, मंगळवार

पाच तक्रारी झाल्या. पाच! सोळा वर्षांत पाच नव्हत्या.

काल एक म्हातारा अडकला. मी बोलता बोलता मध्येच आवाज गेला. लंबूने त्याला बाहेर काढलं तर म्हातारा म्हणतो, "ती बाई एकदम गप्प झाली, मला वाटलं गेलीच." माझ्या काळजीत तो रडत होता म्हणे. अडकला तो, आणि मेले मी.

कपाटाजवळ गेलं की कपाट कोमट लागतं. आत कपडे ऊबदार. चांगला गरम राऊटर आहे, ताकद असणार, तरी आवाज का तुटतो? ही आतल्या खोलीतून सगळं ओढून घेतेय. नवऱ्याशी रोज तासभर तोंड बघत बोलते. माझ्याशी तो चार मिनिटं बोलतो. त्यातली दोन जेवलीस का, दोन ठेवतो आता.

१२ मार्च, बुधवार

दुकानात जाऊन भांडले.

दुकानदार म्हणाला, "ठेवलाय कुठे?"

"कपाटात."

"लाकडी?"

"लोखंडी. कुलूपही आहे."

तो हसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. "काकू, पेटीत बसून हाका मारल्यासारखं झालं ते. बाहेर काढा, चालेल."

चालेल! मला हे विकताना सांगायला याचं तोंड शिवलं होतं का? मी म्हटलं परत घे. तो म्हणाला उघडलेला घेत नाही. मी म्हटलं बरं. त्याचं स्टूल ओढलं आणि दारात बसले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "इथे झुरळं विकतात. सहा पायांची." दोघे परत गेले. तिसरा थांबून विचारायला लागला, झुरळं कशी दिली, तेव्हा दुकानदार हात जोडत बाहेर आला.

"काकू, बदलून देतो. कोणता देऊ?"

मी म्हटलं, "वेग नको मला. शब्द वेळेवर आणि ओळीने पोचले पाहिजेत. फोनला आधी वाट देता येते असा दे. आणि फोन वायरने जोडायचाय, वायरही दे."

तो बघतच राहिला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"का? मला अक्कल नसावी?"

दोन दांड्यांचा, चपटा, पुस्तकाएवढा आला. दिसायला काहीच नाही. तेच बरं.

१३ मार्च, गुरुवार

राऊटरबरोबर पुस्तिका आहे. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मागे मदतीचा नंबर होता, तो लावला. तिकडच्या माणसाचाच आवाज तुटत होता. त्याला म्हटलं, "आधी स्वतःचा राऊटर बदल," आणि ठेवून दिला.

संध्याकाळी सुनेने वायर घातली, एक माझ्या फोनला, एक आत तिच्या कॉम्प्युटरला. मी नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, खिळे मारून, नकाशातल्या रेघेसारखी. पायात येत नाही. मग कॉम्प्युटरवर राऊटरचं काहीतरी उघडून बसली होती. मी मागून गेले तर पटकन बंद केलं. काय लपवते देव जाणे.

१५ मार्च, शनिवार

आवाज! लंबू म्हणाला, "मावशी, तुम्ही लिफ्टच्या टपावर बसून बोलताय असं वाटतं." एकदाही तुटला नाही. आतल्या माणसाचा श्वास ऐकू येतो मला. चावी खिशात खुळखुळली तरी कळतं. "चावी बाहेर काढू नका," म्हटलं एकाला, तर तो दचकून विचारतो, "तुम्हाला दिसतंय का मी?"

चांगल्या वस्तूला काही करावं लागत नाही, आपली आपण कामाला लागते. मी निवडलाय.

सुनेला मात्र बघवत नाही. कालपासून ती कॉम्प्युटर घेऊन जिन्यात बसते. पायरीवर, भिंतीला टेकून, तिच्या मोबाइलच्या इंटरनेटवर. येणारेजाणारे तिच्यावरून ओलांडून जातात. सगळ्यांना दिसलं पाहिजे ना, सासूने बाहेर बसवलंय! वरच्या मजल्यावरची बाई मला विचारते, "काही झालं का हो घरात?" मी म्हटलं, "तुमच्या घरात होईल तेव्हा मी विचारायला येईन."

१८ मार्च, मंगळवार

मालकाचा फोन. आवाज असा की कोणी मेलंय.

"बाई, दोन तक्रारी आल्यात."

"शक्य नाही. आवाज घंटेसारखा आहे."

"तेच तर. लोक म्हणतात बाई घालूनपाडून बोलते. एकाला तुम्ही बावळट म्हणालात."

"त्याला नाही म्हटलं. फोन ठेवताना माझ्याशीच म्हटलं."

"त्याला ऐकू गेलं."

"सोळा वर्षं मी असंच बोलते, मालक."

तो म्हणाला, "जुन्या फोनवर खरखर फार होती, बाई. निम्मं कळायचंच नाही. लोकांना फक्त कोणीतरी आहे एवढं कळायचं."

मी फोन ठेवला. सोळा वर्षं मला वाटत होतं लोक माझं ऐकून खाली बसतात. ऐकूच जात नव्हतं, तर मग कशाने बसत होते?

हा विचार करायला मला वेळ नाही. सात झाल्या.

२० मार्च, गुरुवार

मालकाने एक कागद पाठवला, काय बोलायचं ते छापलेलं. "नमस्कार. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया संयम राखा." सकाळी आरशापुढे वाचून बघितलं. माझंच तोंड मला उसनं वाटलं.

दहा वाजता एक माणूस अडकला. मी कागद धरला आणि एकेक शब्द सावकाश वाचला, "नमस्कार. आपल्याला झालेल्या..."

तो ओरडला, "अरे देवा, मशीन आहे! माणूस द्या! कोणी माणूस आहे का?" आणि मला सगळं ऐकू आलं, बोटं दाराच्या फटीत घालतोय, धातू करकरतोय. मधूनमधून मी वाचतेच आहे, कृपया संयम राखा. मग कागद भिरकावला.

"ए! हात काढ! दाराला हात लावलास तर तिथे येऊन कानाखाली देईन!"

करकर थांबली. मग बारीक आवाजात म्हणतो, "तुम्ही खऱ्या आहात?"

"तुझी आई खरी आहे का? तेवढीच मी खरी. बूड टेक खाली."

बसला. वीस मिनिटं बोललो. त्याच्या घरात दोन मांजरं आहेत, एक लंगडं. लंबूने बाहेर काढल्यावर हसत गेला. आणि दुपारी तक्रार केली! कंपनीने सुरुवातीला मशीन लावलं म्हणून. आठ.

मालकाला म्हटलं, तुमच्या कागदाची तक्रार माझ्या नावावर का? तो म्हणाला, आवाज तुमचा होता.

२४ मार्च, सोमवार

नऊ. एका बाईला मी विचारलं, लिफ्टमध्ये चौघींची जागा असताना सातजणी कशाला शिरलात, वजनाचा आकडा वाचता येत नाही का. त्यात कोणाला तरी स्वतःचं वजन लागलं.

आता एक. फक्त एक, आणि सात दिवस.

तोंड आवळून बसते. फोन वाजला की आधी जीभ दातात धरते, मग उचलते. संध्याकाळी जिभेवर खुणा दिसतात.

२७ मार्च, गुरुवार

कचरा टाकायला निघाले होते. जिन्यात सूनबाई बसलेली, पाठ माझ्याकडे. कॉम्प्युटरमधून तिची वरिष्ठ बाई बोलत होती, कानातलं यंत्र बिघडलं असावं, सगळं बाहेर ऐकू येत होतं. "दोन आठवडे झाले, रोज तुमचा आवाज तुटतोय. चेहरा दिसत नाही. गिऱ्हाइकं हसतात. सोमवारी दहा वाजता मोठं काम आहे. तेव्हा असं झालं तर मी ते आणि पुढची सगळी कामं दुसऱ्याला देईन. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

सून म्हणाली, "जमेल. घरी थोडी अडचण आहे, बाकी काही नाही."

अडचण म्हणजे मी!

ती बंद करून उठली तेव्हा मी कचऱ्याची बादली घेऊन तिथेच उभी. म्हटलं, "अडचण आत बसलीय, तू पण आत बसून काम कर ना. ही जिन्यातली नाटकं कोणासाठी?"

ती तोंड पुसत म्हणाली, "आई, मी घरातून बोलले की तुमचा फोन तुटेल."

"राऊटर चांगलाय. मी निवडलाय."

"राऊटर चांगलाच आहे. पण तो दारावरचा माणूस आहे. आधी कोणाला सोडायचं ते तो ठरवतो, दार रुंद करू शकत नाही. आपली बाहेर जाणारी वाटच बारीक आहे. इंटरनेटवाल्याला सांगितलंय मी, तो पुढच्या महिन्यात इमारतीतली वायर बदलणार."

"मग आधी कोणाला सोडतोय आपला?"

ती कॉम्प्युटर पिशवीत घालायला लागली. तिला धरून आत आणलं, कॉम्प्युटर उघडायला लावला. यादी आहे तिथे. सगळ्यांत वर माझ्या फोनचं चित्र, शेजारी वर जाणारा बाण. खाली तिच्या कॉम्प्युटरचं चित्र, त्यावर लाल फुली. आठ ते सहा.

"ही फुली कोणी मारली?"

"मीच. चुकून जरी मोठा नकाशा गेला तरी तुमचा शब्द अडकायचा. तेवढ्यात लिफ्टच्या दारात कोणाचा हात गेला तर?"

मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरचं खुर्ची सरकवणं थांबलं. मला न विचारता माझ्यावर उपकार करायचे? कोणी मागितले होते? दोन आठवडे जिन्यात बसून स्वतःची लाज करून घ्यायची आणि मी इकडे सगळ्यांना सांगत सुटायचं की राऊटर मी निवडला? मला मूर्ख ठरवायची ही कुठली रीत?

ती म्हणाली, "बरं आई."

"बरं नको म्हणूस! सोमवारी आत बस. फुली काढ."

"नाही. तुमच्या नऊ झाल्यात. सोमवारचा शेवटचा दिवस आहे. मी बघते काहीतरी."

पहिल्यांदा तिने मला नाही म्हटलं. आणि म्हटलं तेही असल्या गोष्टीला. उलट्या काळजाची पोरगी.

२९ मार्च, शनिवार

फोन सहाच आले. सगळे शहाणे. एका माणसाने तर माझे आभार मानले, त्याच्यावरही संशय आला.

मालकाला फोन करून म्हटलं, कामाच्या फोनला वेगळी लाईन द्या. तो म्हणाला, "सोमवारनंतर बोलू, बाई. लाईन कोणाकडे लागेल ते आधी ठरू दे."

सून सोमवारसाठी जागा शोधतेय. मैत्रिणीच्या घरी पाहुणे. कुठल्या चहाच्या दुकानात बसणार म्हणते, कपबशांच्या आवाजात. अख्ख्या इमारतीचा नकाशा तिथे दाखवणार. शाब्बास.

३१ मार्च, सोमवार

सकाळपासूनचं सगळं लिहिते. फोन नाही, वेळच वेळ आहे.

साडेनऊला सून पिशवी भरून निघाली. दारात तिला अडवलं. म्हटलं, "कुठे जायचं नाही. मालक आज फोन तपासणार आहे, दहा ते अकरा बंद ठेवायला सांगितलंय. घरात बस."

"खरंच?"

"मी तुझ्यासाठी गोष्टी रचत बसते का?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड नेहमीसारखंच असणार, कारण तिने विश्वास ठेवला. पिशवीतून कॉम्प्युटर काढून टेबलावर उघडला, फुली काढायला यादी लावली आणि आधी केस विंचरायला आत गेली. यादी मी मागच्या वेळी बघितलेलीच. वाचायची गरज नव्हती. फुलीवर बोट ठेवलं, फुली गेली. तिच्या चित्राशेजारचा बाण दाबला, ती वर गेली. माझा फोन खाली आला. एवढंच होतं ते. यासाठी मी दुकानात स्टुलावर बसले होते.

विचार केला, एक तास. सोमवारी सकाळी दहाला कोण अडकतंय.

दहा वाजता तिने दार लावलं. दाराला कान लावला नाही, तसंच ऐकू येत होतं, ती इतकं सलग बोलत होती. मला माहीतच नव्हतं ती इतकं बोलते. मध्ये कोणालातरी म्हणाली, "नाही, जिना इथे चालणार नाही, माणसांना वळायला जागा लागते." ठाम. माझ्याशी असं कधी बोलत नाही.

दहा वीसला फोन वाजला. दुसऱ्या घंटेला उचलला, आत आवाज जायला नको म्हणून.

एक माणूस, सहाव्या मजल्याच्या वर. आवाजावरूनच तक्रारखोर. मी म्हटलं, "घाबरू नका, माणूस निघालाय." त्याला पोचलं अर्धं. तो म्हणाला, काय? मी पुन्हा म्हटलं. शब्द अडकला, मग दोन एकदम गेले. तो म्हणाला, "हा काय प्रकार आहे? नीट बोला." आणि मला नीट बोलता येत होतं हो, जीभ दातात नव्हती, शिवी नव्हती, काही नव्हतं. फक्त वाट नव्हती.

एक बाण दाबायचा होता. कॉम्प्युटर आत तिच्यापुढे होता, पण राऊटर माझ्या हाताशी, त्यातली तिच्या कॉम्प्युटरची वायर ओढली असती तरी झालं असतं. हात नेलाही तिथे. मग मागे घेतला आणि तोच हात फोनवर ठेवला.

त्या माणसाला म्हटलं, "खाली बसा." नुसतं तेवढंच. पुन्हा पुन्हा, सावकाश, एकेक शब्द. खाली. बसा. लहान शब्द अडकत नाहीत. पाचव्यांदा तो बसला, कपडे घासल्याचा आवाज आला. मग मी "आहे" म्हणत राहिले. दर थोड्या वेळाने, आहे. आहे. बावीस मिनिटं. लंबूने काढलं त्याला, नखाला धक्का नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तक्रार आली. आवाज तुटतो, बाई एकच शब्द बोलते.

दुपारी मालक आला. उभाच होता. मी बसा म्हटलं नाही. त्याने वायर काढली, फोन पेटीत घातला. गडी वाईट नाही, काढलेली वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"बाई, गेले दोन आठवडे आवाज तुटल्याची तक्रार नव्हती. आजच कसं झालं?"

"राऊटर बिघडला."

"शेवटच्या दिवशी?"

"वस्तूला तारीख कळते का?"

तो जायला निघाला तेव्हा म्हटलं, "त्या शिकलेल्या लोकांना सांगा, माणूस घाबरला की त्याला आधी खाली बसवायचं. उभ्या माणसाला भीती जास्त वाटते. आणि काही सुचलं नाही तर नुसतं आहे म्हणायचं. गप्प राहायचं नाही."

त्याने खिशातून पेन काढलं आणि पेटीवर लिहून घेतलं. सोळा वर्षांत मी सांगितलेलं त्याने लिहून घेतलं ते आज.

चार वाजता सून बाहेर आली, तोवर कानातलं यंत्र घालून कामातच बुडालेली होती. तोंड असं फुललेलं की मला बघवेना. "आई, काम मिळालं. आज एकदाही तुटला नाही आवाज. बाई म्हणाल्या, घरची अडचण संपली वाटतं."

"मग आता काय, नाचू?"

ती हसली. मग तिला टेबल दिसलं. "फोन कुठे?"

"दुरुस्तीला नेला मालकाने."

"कधी देणार?"

"देईल तेव्हा देईल. माझं डोकं खाऊ नकोस."

"बरं आई," म्हणाली आणि गुणगुणत आत गेली.

आज तिच्याशी दोनदा खोटं बोलले. याआधी जे बोलले ते सगळं खरं होतं, आणि तेच तिला खुपतं. चार दिवसांत कळेल तिला, बिनडोक नाहीये ती. तेव्हा रडेल, पाया पडेल, काय काय करेल. तेव्हा तिला झापीन. आज नको. आज तिचा दिवस आहे, उगाच गळ्यात पडायची.